हिरव्या फेऱ्या

इस्पितळाच्या तळघरात, चादरी धुण्याच्या खोलीला लागून तिची खोली होती. खिडकी नव्हती. टेबलावर दोन पडदे, कंबर धरू नये म्हणून खुर्चीला बांधलेली उशी, आणि भिंतीपलीकडून दिवसभर येणारी धुलाई यंत्रांची घरघर. वरच्या मजल्यावरचे लोक तिला आकडेवाली म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण तिला ठाऊक होतं, आणि त्याचं तिला वाईटही वाटत नसे. माणसाला त्याच्या कामावरून नाव पडलं तर बिघडलं कुठे?

काम असं होतं. पक्षाघात झालेली, अपघातातून उठलेली माणसं वर व्यायामाच्या विभागात पुन्हा चालायला शिकत. लांबलचक कॉरिडॉरमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत. दोन्ही घोट्यांना काड्यापेटीएवढे सेन्सर पट्ट्याने बांधलेले असत. पाय उचलला, पुढे गेला, टेकला, की त्याची नोंद होई. ती आकड्यांची रास तळघरात तिच्याकडे येई आणि ती त्यातून आलेख काढून वर पाठवी. ज्यांच्या पायांचे ते आकडे असत ती माणसं तिने क्वचितच पाहिलेली असत. जिन्यात कोणी लंगडत समोर आलं तर हा आपला कितवा असेल, असा विचार मनात येई आणि ती चटकन खाली उतरून जाई. अनोळखी माणसांशी काय बोलावं हे तिला लहानपणापासून सुचत नसे.

एके दुपारी फिजिओ खाली आली. ही बाई उंच, मोठ्या आवाजाची, सगळ्यांना अरेतुरे करणारी. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती म्हणून ती टेबलाच्या कडेवरच टेकली आणि म्हणाली की मीटरकाकूंचं काहीतरी कर.

मीटरकाकू म्हणजे कोण हे आकडेवालीला माहीत नव्हतं. फिजिओने सांगितलं. काकूंनी सगळी नोकरी वीज मंडळात काढली होती, घरोघर फिरून मीटर वाचायची. गावातली अशी गल्ली नव्हती की जिथे त्यांचं पाऊल पडलं नव्हतं, आणि असं घर नव्हतं की जिथे दोन शब्द बोलून त्या पुढे गेल्या नव्हत्या. निवृत्तीनंतर थोड्याच काळात पक्षाघाताने उजवी बाजू गेली. बोलणं बरंचसं परत आलं होतं, हातही वळू लागला होता, पाय मात्र हटून बसला होता. उजवा पाय फरफटत यायचा आणि डाव्याला त्याची वाट बघत थांबावं लागायचं. पुढच्या आठवड्यात विभागाच्या मोठ्या डॉक्टरबाई सगळ्यांचा आढावा घेणार होत्या. बाहेर रांगेत माणसं होती. ज्यांच्यात सुधारणा दिसत नाही त्यांच्या फेऱ्या बंद करून ती जागा दुसऱ्याला द्यायची, असा नियम होता आणि तो अन्यायाचाही नव्हता.

“सरासरी काढली तर काकूंचा आलेख टेबलासारखा सपाट आहे,” फिजिओ म्हणाली. “पण मी रोज बघते ना. मधूनच एखादी फेरी त्या अशी मारतात की मी हातातलं काम टाकून बघत राहते. मग पुन्हा पहिले पाढे. ते तुझ्या आलेखात का येत नाही?”

आकडेवालीला हे जरा लागलंच. आलेखात चूक नव्हती. पण फिजिओ गेल्यावर तिने तो उघडला आणि पहिल्यांदाच परक्या माणसाच्या नजरेने पाहिला. निळी रेघ. वर, खाली, वर, खाली, पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मांजराने खेळून टाकलेल्या लोकरीच्या गुंड्यासारखी. हिच्यात एखादी चांगली फेरी असली तरी ती कोणाला दिसणार, आणि कशी?

म्हणून तिने रेघ तोडायची ठरवली. कॉरिडॉरच्या टोकाला माणूस वळतं तेव्हा पाय क्षणभर घुटमळतो. ते घुटमळणं आकड्यांत ओळखता येत होतं. तिथे तिथे रेघ कापली की एक फेरी म्हणजे एक तुकडा, आणि एकामागून एक येणाऱ्या तुकड्यांना वेगवेगळा रंग. दिसायला सोपं होतं. पण रंग सांगितले नाहीत तर सॉफ्टवेअर आपल्याजवळचे ठरलेले सात रंग वापरी आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी, त्यामुळे आठवी फेरी पहिलीची जुळी बहीण दिसू लागली. मग तिने पहिल्या फेरीला गडद जांभळा आणि शेवटच्या फेरीला पिवळा देऊन मधल्या सगळ्यांना त्यांच्या अधल्यामधल्या छटा वाटून दिल्या. आता निदान आधीची कोणती आणि नंतरची कोणती ते कळत होतं.

तिने तो आलेख वर नेला. स्वतः नेला हेच विशेष. फिजिओने पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. दोन रंगांच्या मध्ये सगळीकडे बारीक फट होती. तिने विचारलं की इथे काय झालं, काकू पडल्या का, आणि पडल्या असतील तर मला कोणी कसं सांगितलं नाही.

कोणी पडलं नव्हतं. एक तुकडा आपल्या शेवटच्या बिंदूवर संपत होता आणि दुसरा त्याच्या पुढच्या बिंदूपासून सुरू होत होता, त्यामुळे त्या दोन बिंदूंमधली रेघ कोणाचीच नव्हती. आकडेवालीने खाली जाऊन दुरुस्ती केली: प्रत्येक तुकडा मागच्याचा शेवटचा बिंदू बरोबर घेऊनच निघेल. फटी बुजल्या. एवढ्या साध्या गोष्टीचा तिला उगाच आनंद झाला.

पण रंगांनी अजून काही सांगितलं नव्हतं. तिची अटकळ अशी की माणूस दमतं, तेव्हा सुरुवातीच्या फेऱ्या बऱ्या असतील आणि शेवटच्या वाईट. तसं काही नव्हतं. तेव्हा तिने क्रमाचे रंग काढून टाकले आणि दुसराच नियम लावला. डावा पाय आणि उजवा पाय, दोघांच्या पावलात फरक जास्त असेल तर तो तुकडा नारिंगी. दोन्ही पाय सारखे चालत असतील तर हिरवा.

पडदा नारिंगी झाला. आणि त्या नारिंगीत, कुठे सुरुवातीला, कुठे मध्ये, कुठे अगदी शेवटाला, हिरव्या फेऱ्या होत्या. मागच्या आठवड्यांतल्या नोंदी तिने त्याच नियमाने रंगवल्या. तिथेही तेच. हिरव्या फेऱ्या थोड्याच होत्या, पण जिथे होत्या तिथे शंकेला जागा नव्हती. काकूंचा पाय चालू शकत होता. कधीतरीच का चालत होता, हे आकड्यांना विचारून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती वर जाऊन कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली. मांडीवर एक फाइल ठेवली, म्हणजे आपण कामात आहोत असं वाटावं.

काकू ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, केस बारीक कापलेले. त्यांच्या उजव्या कोपराला दोन्ही हातांनी धरून एक सडपातळ गृहस्थ चालत होते. ते काका. फिजिओने सांगितलं होतं की त्यांचं पुस्तकं बांधायचं दुकान आहे, जन्मभर एका जागी बसून काम, आणि दोघांच्या संसारात पाय असे एकीलाच होते. काकांच्या बोटांच्या पेरांना वाळलेला गोंद होता. काकूंच्या प्रत्येक पावलाला ते हळू आवाजात म्हणत, सावकाश, हं, घाई नाही. काकू म्हणाल्या उकडतंय, तर काका हो म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाल्या गार वाटतंय, त्यालाही हो म्हणाले. मग काकू काहीच म्हणाल्या नाहीत. खाली फरशीकडे बघत पाय ओढत राहिल्या. घाटाच्या चढावर बंद पडलेली गाडी ढकलावी तसे दोघं चालले होते.

तेवढ्यात कोणाला तरी भेटायला आलेला एक माणूस वाट चुकून तिथे आला आणि त्याने काकांना नगरपालिकेचा रस्ता विचारला. काका म्हणाले, बाहेर पडा, बँकेपासून डावीकडे वळा आणि सरळ जा.

“डावीकडे?” काकू म्हणाल्या. “डावीकडे गेला तर बिचारा नदीत जाईल.”

“अगं, नवा पूल झालाय ना तिथे.”

“नवा पूल त्या अंगाला आहे का? अहो, ती पेठ मी उभी-आडवी चालले आहे. तुम्ही दुकानाच्या पायरीवरून जग बघणार आणि लोकांना वाट दाखवणार.” त्या माणसाकडे वळून त्यांनी बरोबर रस्ता सांगितला, कोणत्या दुकानापाशी वळायचं, कुठे खड्डा आहे, कोणत्या घरचा कुत्रा अंगावर येतो पण चावत नाही. हे सांगताना त्यांनी कोपर काकांच्या हातातून सोडवून घेतलं होतं, कारण दिशा दाखवायला हात लागत होता. आणि त्या चालत होत्या. तो माणूस बाजूने चालत होता म्हणून त्याही चालत होत्या, डावा, उजवा, डावा, उजवा, नजर फरशीवर नाही तर समोर.

काकांचं तोंड काहीतरी बोलायला उघडलं. मग त्यांनी ते मिटलं, पुढे होऊन कोपर पुन्हा धरलं आणि म्हणाले, “तुझंच बरोबर आहे. तू दमू नकोस.”

उजवा पाय पुन्हा फरफटू लागला.

आकडेवाली खाली गेली. त्या दिवसाचा आलेख आला तेव्हा तिला ठाऊक होतं कोणती फेरी हिरवी असणार, आणि तीच होती. पण सुतावरून स्वर्ग गाठणारी ती नव्हती. तिने फिजिओला सांगितलं आणि दोघींनी मिळून काही दिवस पडताळून पाहिलं. काकांना बाकावर बसवून काकूंना एकटीने चालवलं. थोडा फरक, फार नाही. मदतनिसाने गोड गोड गप्पा मारल्या. नारिंगी. फिजिओ म्हणाली की खरं तर बोलायला लागलं की अशा रोग्यांची चाल बिघडते, हे उलटंच प्रकरण आहे. मग तिने स्वतःच भांडण काढून बघितलं. काकूंनी पट्टे नीट बांधले नाहीत म्हणून चढ्या आवाजात बोलली. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तू मला लेकीसारखी, तुझ्याशी कशाला भांडू? भांडण काकांशीच व्हायला हवं होतं, आणि काका काही केल्या भांडत नव्हते. जुन्या हिरव्या फेऱ्यांतल्या ज्या फिजिओला आठवत होत्या त्या प्रत्येक वेळी काकांच्या तोंडून चुकून काहीतरी उलट निघून गेलं होतं. एकदा बुटांवरून, एकदा घरच्या खिडकीच्या कडीवरून.

फिजिओ म्हणाली की हे त्यांना तूच सांग. माझा आवाज ऐकला की ते दचकतात.

आकडेवालीने आधी ते टाळलं. पण आढावा जवळ आला होता. काकूंची मालिश चालू असताना काका चहाच्या यंत्रापाशी उभे होते, तिथे ती गेली आणि काय बोलावं न सुचल्यामुळे तिने सरळ हातातला आलेख त्यांच्या पुढे धरला.

काकांनी चष्मा वर सरकवून तो कागद डोळ्यांजवळ नेला. बोट रेघेवरून फिरवलं. म्हणाले, सांधे छान जमलेत, कुठे जोड दिसत नाही. ती म्हणाली की आधी दिसत होते. मग त्यांनी विचारलं, हे हिरवं काय?

“हिरवं आहे तिथे काकू नीट चालल्या आहेत,” ती म्हणाली. “आणि तिथे त्या तुमच्याशी भांडत होत्या.”

“आणि नारिंगी?”

तिने नारिंगीवर बोट ठेवलं. “तिथे तुम्ही हो म्हणत होतात,” ती म्हणाली.

यंत्रातला चहा कपात पडून निवला. मग कागदाकडेच बघत ते बोलू लागले, जणू तिला नाही, त्या रेघेला सांगत होते.

“त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं होतं. कशावरून ते आता आठवतही नाही, बघ. भांड्याला भांडं लागतच असतं, आमचं तर रोजच लागायचं. पण त्या दिवशी मी दार आपटून दुकानात गेलो. दुपारी जेवायला आलो तर ही ओट्याखाली पडलेली. डोळे उघडे. माझ्याकडे बघत होती आणि बोलता येत नव्हतं. तेव्हाच ठरवलं, आता हिला उलट शब्द बोलायचा नाही. देवाने एवढं ऐकलं आणि हिला ठेवली, तर मी एवढं करायला नको?”

आकडेवालीने निवलेला चहा ओतून टाकला आणि यंत्रातून त्यांच्यासाठी दुसरा काढून दिला. तेवढंच तिच्याच्याने झालं. पण संध्याकाळी तिने फिजिओला गाठून सगळं सांगितलं आणि फिजिओने दुसऱ्या दिवशी काकांना बाजूला घेऊन समजावलं: काकूंचा रक्तदाब कित्येक वर्षं वर होता, गोळ्या त्या घेत नव्हत्या, हे त्यांनी स्वतः दाखल होताना कबूल केलं होतं. भांडणाने कोणाचा मेंदू फुटत नाही. तसं असतं तर या गावात नवरा-बायकोचं एकही जोडपं धडधाकट उरलं नसतं. काकांनी ऐकून घेतलं. पटलं किती ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

पण त्याच्या दुसऱ्या दिवशी ते ठरवून आले होते. पहिल्याच फेरीला त्यांनी कोपर सोडलं, दोन हात अंतरावर उभे राहिले, घसा खाकरला आणि शाळेतल्या पोराने पाठ केलेलं भाषण म्हणावं तसे म्हणाले की तू चालतेस ते काही बरोबर नाही, आणि मला तुझा फार राग आला आहे.

काकू जागच्या जागी थांबल्या. एकदा काकांकडे, एकदा फिजिओकडे आणि एकदा बाकावरच्या आकडेवालीकडे त्यांनी पाहिलं.

“हे ह्यांना कोणी शिकवलं?” त्यांनी विचारलं.

आकडेवालीने फाइल तोंडासमोर धरली. काकांचे कान लाल झाले होते. मग त्यांनी, सगळ्यांच्या देखत, मान खाली घालून, चहाच्या यंत्रापाशी सांगितलेलं सगळं काकूंना सांगितलं. दार आपटल्याचं. ओट्याखालच्या डोळ्यांचं. मनाशी घेतलेल्या शपथेचं.

काकूंनी ऐकलं. त्यांची जीभ अजून काही अक्षरांवर अडखळायची, आणि या वेळी जास्तच अडखळली.

“मला वाटलं,” त्या म्हणाल्या, “मी आता कामातून गेले. लहान पोराला कोणी उलट बोलत नाही, मरणाऱ्याला बोलत नाही. मला वाटलं तुम्ही मला त्यात धरलंत. उकडतंय म्हटलं तरी हो, गार वाटतंय म्हटलं तरी हो. घरात एक माणूस होतं बोलायला, तेही गेलं.” त्यांनी डाव्या हाताने डोळे पुसले. “दार काय पहिल्यांदा आपटलं होतंत का? त्या दाराच्या बिजागऱ्या किती वेळा बदलल्यात, विचारा सुताराला.”

“दोनदा,” काका म्हणाले.

“चार वेळा.”

“चार कशा? पहिल्यांदा बदलल्या त्या वाळवीने.”

“वाळवी खिडकीला लागली होती. दाराला नाही.”

“अगं, मी स्वतः उभा होतो तिथे.”

“तुम्ही दुकानात होतात. उभी मी होते.” आणि असं म्हणत काकू निघाल्या. काका त्यांच्या मागे निघाले, हात पुढे करून, पण न धरता. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत वाळवी चालू होती. वळल्यावर सुताराची मजुरी निघाली. फिजिओने आकडेवालीच्या दंडाला असा चिमटा काढला की तिला पुढे दोन दिवस तो दुखत होता.

आढाव्याच्या दिवशी मोठ्या डॉक्टरबाईंसमोर सरासरीचा सपाट आलेख होता आणि त्याच्या बाजूला रंगीत आलेख. आकडेवालीला इतक्या माणसांपुढे बोलायची सवय नव्हती. तिने दोन्ही कागद एकाच माणसाच्या पायांचे आहेत एवढं सांगितलं, मग हिरव्या फेऱ्यांवर बोट ठेवलं. भीतीने धरून ठेवलेला पाय आणि भीती विसरून टाकलेला पाय यातला फरक फिजिओने समजावला. यामागे भांडण आहे हे ऐकून डॉक्टरबाईंच्या ओठाची कड हलली. त्यांनी मागच्या नोंदी मागितल्या, त्याही रंगवलेल्या होत्या, त्या नीट पाहिल्या. म्हणाल्या की सरासरीत हे बुडून गेलं होतं, आणि काकूंच्या फेऱ्या चालू ठेवा. कागदावर त्यांनी उपचार म्हणून लिहिलं: कोपर धरू नये.

त्यानंतरचे दिवस आकडेवालीने बरेचसे बाकावर काढले. फाइल आणायची ती हळूहळू विसरली. काकू जाता-येता तिच्याशी बोलत. तिचं घर कोणत्या गल्लीत, घरी कोण, हे त्यांनी दोन फेऱ्यांत काढून घेतलं. तिच्या जिन्याखालच्या मीटरवर पाल बसायची हेही त्यांना आठवत होतं. आकडेवालीलाच नवल वाटायचं की आपण उत्तरं देतो आहोत, आणि कधी कधी न विचारलेलंही सांगतो आहोत. आलेखात नारिंगी कमी होत गेलं. एकदम नाही. वाईट दिवसही आले. एकदा काकू खरंच पडल्या आणि आठवडाभर भिंत सोडेनात, तेव्हा काकांनी त्यांना भित्री म्हटलं, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं असावं, कारण काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंत सोडली.

शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला सगळा विभाग दारापर्यंत आला. घर फार लांब नव्हतं आणि काकूंना रिक्षा नको होती. बाजारातून जायचं की कालव्याकाठाने, यावरून पायरीवरच सुरू झालं. काका म्हणत होते कालव्याकडे सावली आहे, काकू म्हणत होत्या की तिकडून घर दुप्पट लांब पडतं आणि हे ज्याला कळत नाही त्याने सावलीच्या गोष्टी करू नयेत. तशीच दोघं फाटकाबाहेर गेली. ती दिसेनाशी झाल्यावर फिजिओने कपाळावर हात मारला. काकूंच्या घोट्यांवरचे सेन्सर काढायचे राहिले होते.

ते दुसऱ्या दिवशी परत आले. काकू स्वतः घेऊन आल्या, एकट्या, तळघराचा जिना कठड्याला धरून उतरून. अशा अंधाऱ्या खोलीत बसतेस होय, म्हणाल्या, आणि खुर्चीवर बसल्या. आकडेवाली उभी राहिली. तिने सेन्सरमधली नोंद पडद्यावर घेतली आणि नेहमीचा नियम लावून रंगवली. वळणावळणाला तुकडे पडले. बहुतेक हिरवे. एका ठिकाणी नारिंगीचा बराच लांब पट्टा होता. काकू म्हणाल्या, तो बाजारातला खडबडीत रस्ता. म्हणजे बाजारातूनच गेलात, असं आकडेवालीने विचारलं, तर त्या म्हणाल्या की मग काय.

पण शेवटचा तुकडा तिला कळेना. होता हिरवाच, दोन्ही पाय सारखे पडत होते. मात्र पावलं एकदम आखूड झाली होती आणि इतकी संथ की इतक्या दिवसांत काकू कधी तशा चालल्या नव्हत्या. मध्ये मध्ये रेघ अगदी सपाट होती, म्हणजे त्या थांबत होत्या. आकडेवालीच्या मनात नको ते आलं. तिने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं की घर जवळ आल्यावर फार दमायला झालं का, की पायात कळ आली?

काकू पुढे वाकून त्या तुकड्याकडे बघत राहिल्या.

“मी नव्हते गं दमले,” त्या म्हणाल्या. “हे दमले होते. जन्मभर बसून काम केलेलं माणूस. शेवटच्या चढाला धाप लागली आणि सांगेनात. मग मीच आपली हळू चालले. मध्ये मध्ये थांबून घरांची मीटरं बघायचं सोंग केलं.”

त्यांनी हे काकांना सांगू नकोस असं बजावलं, आणि आकडेवालीने नाही सांगणार म्हटलं. मग त्यांना जिना चढायला सोबत म्हणून ती वरपर्यंत गेली. काकूंना शोधत आलेले काका फाटकापाशी उभे होते, उन्हात, घामाघूम, आणि इतका वेळ कुठे होतीस असं लांबूनच विचारत होते.